सगुणा गाडी व तिच्यातल्या पांढऱ्या खुर्चीची विल्हेवाट

मी, खाली सही करणारा मन्मथअप्पा शिवलिंगअप्पा हालगे, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार पेडगाव, तालुका व जिल्हा परभणी, पूर्वीचा धंदा पॅसेंजर गाडी चालवणे, हल्लीचा धंदा ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला, आग्रहाला किंवा चहाला बळी न पडता लिहून ठेवतो की, माझ्यामागे माझ्या मिळकतीचे काय करायचे ते माझ्या भावाने ठरवू नये. ते मी खाली ठरवले आहे.

वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात कोणाला काय द्यायचे तेवढे लिहावे, कारणे लिहू नयेत. मी त्यांना सांगितले की कारणे वगळली तर या दस्तात लिहिण्यासारखे फारसे काही उरत नाही. डॉक्टर अथर्व सेलूकर यांनी माझी नाडी पाहिली, वार विचारला, मुलीचे नाव विचारले आणि मग हळूच विचारले की अप्पा, हे रागाच्या भरात तर करत नाही ना. मी म्हणालो, "डॉक्टर, रागाचा भर चार दिवस ऱ्हातो. माझा राग जुना हाय, त्याचा आता स्वभाव झालाय." त्यांनी मी शुद्धीत असल्याचा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे.

कलम १. माझी पत्नी सगुणाबाई मयत आहे. मला एकच अपत्य, मुलगी बबिता. ती नांदायला गेली होती, तिथे निभाव लागला नाही, परत आली आणि गावात पिठाची गिरणी चालवते. माझा धाकटा भाऊ वैजनाथअप्पा एका पतसंस्थेचा चेअरमन आहे. लोक त्याला साहेब म्हणतात. मी त्याला वैजू म्हणतो, आणि ते त्याला चारचौघांत आवडत नाही. त्याने हा कागद कुठेही वाचला तरी त्यात त्याचे नाव वैजू असेच समजावे.

कलम २. वाटणीत माझ्या हिश्श्याला आलेले घर आणि पेडगाव शिवारातले शेत बबिताला. गिरणी तर तिचीच आहे. मुलगी म्हणजे परक्याचे धन असे वैजू तिच्या तोंडावर म्हणाला होता. परक्याने ते धन परत पाठवले आहे आणि मी ते ठेवून घेतले आहे. त्यावर कोणाची हरकत चालणार नाही.

कलम ३. माझ्या नावावर तेरा सिटांची एक गाडी आहे. ती मी पॅसेंजरसाठी घेतली. त्याआधी माझ्याकडे जीप होती. पेडगाव ते परभणी आणि बाजाराच्या दिवशी मानवत, हा रस्ता मी उभ्या हयातीत इतका केला की रात्री झोपेतही पाय ब्रेकवर जायचा, असे सगुणा म्हणायची. गाडीच्या पुढच्या काचेवर मी तिचे नाव लिहून घेतले होते. सिटांच्या खोळी तिनेच शिवल्या. निळे कापड आणि त्याला पिवळी दोरी. पॅसेंजर त्याला हात लावून बघायचे.

माझ्या गाडीत एक नियम होता. थोरला चढला की धाकट्याने उठायचे. मग तो कोणी का असेना. एकदा पुढच्या सिटवर तालुक्याचा कोणी अधिकारी बसला होता आणि फाट्यावर मेंढक्याची म्हातारी चढली. मी गाडी सुरूच केली नाही. साहेब उठले, म्हातारी बसली, मग गाडी हलली. गावातल्या दोन पिढ्यांना हा नियम माझ्या गाडीने शिकवला. वैजू माझ्या जीपमधून परभणीला कॉलेजात जायचा तेव्हा तोही याच नियमाने अर्धा रस्ता वाकून उभा जायचा. वाचणाऱ्याने हा नियम ध्यानात ठेवावा. पुढचे सगळे त्यावरच झाले आहे.

कलम ४. माझ्या डोळ्याचा पडदा खराब झाला आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली. थोडे दिवस सिद्धोधन चालवत होता. तो माझ्या हाताखाली किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, म्हणून आला आणि ड्रायव्हर म्हणून तयार झाला. मग वैजू घरी आला. पतसंस्थेची निवडणूक तो जिंकला होता आणि पुढची मोठी निवडणूक त्याच्या डोक्यात होती. म्हणाला, पॅसेंजरची गाडी म्हणजे किती दिवसांची, तिला पुण्याकडे नेऊन व्हीआयपी करून आणू, घराण्याची शान होईल. नावावर करून देऊ का असे मी विचारले. तेव्हा त्याचे शब्द असे होते, "न्हाई दादा, गाडी तुमच्याच नावावर राहू द्या. तुमचा मान हाय."

सगुणा आत चहा करत होती. तिला भरून आले. मलाही बरे वाटले, खोटे का बोलू. उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या गाड्या दाखवाव्या लागतात हे आम्हाला नंतर कळले. माझा मान म्हणजे त्याला लपवायला सापडलेली जागा होती. पण मान हा मान असतो. त्यामुळे ती गाडी आजही माझीच आहे, आणि गाडीला जे जे पक्के बसवले ते गाडीबरोबर माझे, असे वकीलसाहेबांनी दोनदा विचारल्यावर दोनदा सांगितले आहे.

गाडी परत आली तेव्हा मी ती ओळखली नाही. तेरा सिटा काढून त्यांनी पोत्यासारख्या मागून टेम्पोत पाठवल्या होत्या. आत छताला निळे दिवे, खिडक्यांना पडदे, बाजूला छोटा फ्रीज, टीव्ही, खाली गालिचा, दार उघडले की आपोआप बाहेर येणारी पायरी. समोरासमोर दोन सोफे. आणि मधोमध एक पांढरी खुर्ची. गोल फिरणारी, मागे रेलणारी, डोक्याला उशी आणि पायाला फळी. काचेवरचे सगुणाचे नाव खरवडून काढले होते. तिथे आता "साहेब" असे लिहिले होते. सगुणाने ते वाचले आणि पूजेचे ताट दुसऱ्या हातात घेतले.

समोरासमोरच्या सोफ्यांचे एक सांगितले पाहिजे. कारखान्यातल्या माणसांना आमच्या घरची रीत कशी ठाऊक असणार. सुनेने दिरासमोर, सासऱ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचे कसे? पहिल्याच खेपेला सगळ्या बायका पदर ओढून खिडकीबाहेर बघत माना आखडून घेऊन आल्या आणि पुन्हा कोणी त्या गाडीत चढली नाही. घराण्याची शान घराण्याला बसायच्या कामाची राहिली नाही.

कलम ५. पूजा झाली, सगुणाने चाकाखाली लिंबू ठेवले. जंगम स्वामी म्हणाले, पहिल्यांदा थोरल्याला बसवा आणि देवाला जाऊन या. गाव जमले होते. मी पायरीवर पाय ठेवला. वैजू आतून म्हणाला, "दादा, चप्पल काढून या. आत गालिचा हाय."

मी खाली उतरलो. माझ्या चपलेला मागे पट्टा असतो, वाकून सोडावा लागतो. मी एक सोडला, दुसरा सोडत होतो, तेवढ्यात ते आपोआपचे दार आपोआप बंद झाले आणि गाडी निघाली. मी एका पायात चप्पल घालून गावासमोर उभा. वैजूने परत आल्यावर सांगितले की ड्रायव्हरचा हात चुकून बटणावर पडला. ड्रायव्हर सिद्धोधनच होता, वैजूने त्याला पगारावर ठेवले होते, आणि त्याचा हात माझ्या गाडीवर कधी चुकून कुठे पडलेला नाही. मी त्याला तेव्हा काही विचारले नाही. त्याला त्याचे पोट होते.

कलम ६. त्यानंतर मी त्या गाडीत बसलो नाही, म्हणजे मला बसू दिले नाही. पुतण्याचे लग्न मानवतला होते. व्याह्यांना आणायला गाडी गेली, मी आणि सगुणा फाट्यावरून एस.टी.ने गेलो. मांडवात वैजूने सगळ्यांना सांगितले की दादांना साधे राहायला आवडते. कोणी पुढारी येणार असला की गाडी देवगाव फाट्यापर्यंत सामोरी जायची. घरातल्या माणसासाठी तिला कधी वेळ मिळाला नाही.

हे असे का, ते मला बरेच उशिरा सिद्धोधनने माझ्या ओट्यावर बसून सांगितले. "अप्पा, साहेबच म्हनले मला, 'दादा आत आले की खुर्ची मला सोडावी लागंल. लोकायसमोर ते बरं दिसत न्हाई.'"

म्हणजे माझाच नियम. थोरला चढला की धाकट्याने उठायचे. तो मोडायची वैजूची छाती नव्हती, कारण सगळे गाव तो पाळते आणि मते गावाचीच लागतात. मग त्याने सोपा मार्ग काढला. थोरल्याला चढूच द्यायचे नाही. लहानपणी जत्रेत हाच वैजू माझ्या खांद्यावर बसायचा. आता उतर, असे मी त्याला कधी म्हटले नव्हते.

कलम ७. माझा अपमान मी कदाचित गिळला असता. गिळायची सवय ड्रायव्हरला असते. पण सगुणाचे दोन हिशेब आहेत आणि ते मी मरेपर्यंत, आणि आता या कागदामुळे मेल्यावरही, सोडणार नाही.

पहिला असा. तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन परभणीला झाले. पाय सरळ ठेवून घरी आणायचे होते. त्या खुर्चीला पायाची फळी होती, म्हणून बबिताने गाडी मागितली. निरोप आला की गाडी धुऊन ठेवली आहे, उद्या कार्यक्रम आहे. शेवटी आम्ही तिला कांद्याच्या टेम्पोतून आणले. गोणीवर पाय पसरून ती बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला दात आवळत होती. वाटेत तिला हसू आले. म्हणाली, "गाडी माझ्या नावाची, अन् मी कांद्यावर बसून जायलेय." बबिताही हसली. मला हसता आले नाही.

दुसरा असा. दोन वर्षांनी सगुणा झोपेतच गेली. आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवे नेत नाहीत. कपाळाला भस्म लावून, हातात इष्टलिंग देऊन त्याला बसवतात, बसवूनच मिरवत नेतात आणि बसवूनच माती देतात. रुद्रभूमी गावापासून लांब, नदीच्या अंगाला. बबिता स्वतः काकाच्या दारात गेली आणि म्हणाली, आईला तिच्याच गाडीतून न्यायचे आहे. वैजू बाहेर आला. शेजारीपाजारी उभे होते. तो म्हणाला, "मयत बसलेली गाडी पुन्हा शुभकार्याला चालत न्हाई, बबे. त्या खुर्चीवर मग मी बसायचं कसं?"

माझी सगुणा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, मंडपवाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला बांधून गेली. खड्डा आला की तिची मान एका बाजूला पडायची आणि बबिता ती सरळ करायची. मी मागून चालत होतो आणि पुढे तीच माझी गाडी, आत खुर्चीत वैजू, रस्ता दाखवत चालली होती. ती मान मी रोज बघतो. मला त्याचे फार दुःख आहे आणि ते मला कमी करायचे नाही.

वैजूचे वाक्य मात्र मी जपून ठेवले. पुढील कलमे त्याच वाक्याच्या आधारे केली आहेत.

कलम ८. वैजूने त्या गाडीवर खर्च केला आहे. मी कोणाचे ठेवणारा नाही. म्हणून खिडक्यांचे पडदे, फ्रीज, टीव्ही, छताचे निळे दिवे, दोन्ही सोफे, "साहेब" लिहिलेली काच आणि पोलीस आल्यासारखा वाजणारा भोंगा हे सगळे माझी माती झाल्यावर काढून वैजूला द्यावे. सोफे त्याने घरात समोरासमोर मांडावेत आणि रोज कोणासमोर बसावे लागते ते पाहावे. गालिचा त्यात नाही. गालिच्याचे खाली येईल.

कलम ९. मी मेल्यावर मला त्या पांढऱ्या खुर्चीत बसवून रुद्रभूमीपर्यंत न्यावे. गाडी माझी आहे, त्यामुळे परवानगी कोणाची घ्यायची नाही. सिद्धोधनशी बोलणे झाले आहे. तो म्हणाला, "चावी माझ्याजवळ हाय अप्पा. त्या दिशी गाडी तुमच्या दारात लावतो, मग नोकरी ऱ्हायली काय अन् गेली काय." नोकरी जाणारच. तिची सोय कलम ११ मध्ये आहे.

पायाची फळी उघडावी. मान पडू नये म्हणून उशी नीट लावावी. डोक्यावर फेटा बांधावा. पडदे पूर्ण बाजूला सारावेत, निळे दिवे लावावेत, आणि गाडी वैजूच्या दारावरून, पतसंस्थेवरून, मारुतीच्या पारावरून अशी सावकाश न्यावी. मृत्युपत्र सहसा माती झाल्यावर उघडतात. म्हणून याची एक नक्कल बबिताकडे आहे आणि तिने ती मला उचलण्याआधी दारात मोठ्याने वाचावी. गिरणीच्या आवाजावर बोलून तिचा गळा तयार आहे.

पहिली माती बबिता टाकेल. पुतण्याने पुढे होऊ नये.

कलम १०. रुद्रभूमीच्या फाटकातच खुर्चीचे चार बोल्ट खोलावेत. पाने सिद्धोधनकडे आहेत, माझा पान्यांचा डबा आणि जॅकही त्यालाच दिला असे समजावे. खुर्ची सटवाजीला द्यावी. सटवाजी म्हणजे फाट्यावरचा आमचा न्हावी. त्याच्या दुकानातल्या लाकडी खुर्चीच्या एका पायाखाली वीट आहे आणि गिऱ्हाईक हलले की वीट सरकते. पूजेच्या दिवशी त्याने गाडीत डोकावून सहज म्हटले होते की मालक, ही खुर्ची तर आमच्या कामाची हाय. फिरते, रेलते, मानेला उशी आहे, पायाला फळी आहे, त्याचे काय चुकले होते? पण वैजूने त्याला सगळ्यांसमोर तिथून हाकलले.

मी सटवाजीला विचारले की मयत बसलेली खुर्ची तुला चालेल का. तो म्हणाला, मयताची दाढी करून आलेला हात मी दुसऱ्या दिवशी जित्याच्या गालाला लावतोच की. मग मी त्याला कबूल केले.

अट एकच. त्या खुर्चीवर नंबराने बसायचे. जो बसला त्याला कोणासाठीही उठवायचे नाही, लहान असो, मोठा असो, चेअरमन असो. माझा थोरल्या-धाकट्याचा नियम त्या दुकानात लागू नाही.

वैजूच्या मिशा काळ्या कशा राहतात हे गावात फक्त सटवाजीला ठाऊक आहे. परभणीच्या न्हाव्याकडे तो जात नाही, बभ्रा होईल म्हणून. महिन्यातून एकदा तो फाट्यावर येतो, सटवाजी अर्धे शटर ओढतो आणि कलप लावतो. ते तसेच चालू राहावे. माझी काही हरकत नाही. फक्त आता तो लाकडी बाकावर नंबर लावील, आणि नंबर आला की ज्या खुर्चीत त्याचा थोरला भाऊ मरून बसला होता तिच्यात रेलून, मान मागे टाकून, सटवाजीचा वस्तरा गळ्याशी घेऊन तो बसेल. नाहीतर मिशा पांढऱ्या होऊ देईल. दोन्हींपैकी काय निवडायचे ते मी त्याच्यावर सोडतो.

कलम ११. उरलेली गाडी बबिताला. तिच्या तेरा सिटा टेम्पोतून आल्या त्या बबिताने गिरणीत ओळीने मांडल्या. दळण आणणाऱ्या बायका आजवर त्यांवरच बसत आल्या आहेत. खोळी पिठाने पांढऱ्या झाल्या आहेत, पण सगुणाची शिवण उसवलेली नाही. त्या सिटा परत गाडीत बसवाव्यात, कागदोपत्री पॅसेंजरची परवानगी काढावी, काचेवर "सगुणा" लिहावे आणि गाडी पेडगाव-परभणी चालू करावी. गाडी सिद्धोधन चालवेल आणि तिच्या उत्पन्नात बबिताचा आणि त्याचा सारखा वाटा राहील.

मयत बसलेली गाडी लोकांना चालेल का असे अण्णासाहेब पाथरीकरांनी विचारले. ते या मृत्युपत्राचे व्यवस्थापक आहेत, कोर्टात कारकुनी केली आहे, शंका काढणे त्यांच्या रक्तात आहे. मी सांगितले की माझ्या गाडीने एकाच आठवड्यात नवरी आणली आहे आणि दवाखान्यातून मयतही आणले आहे. दोन बादल्या पाणी मारले, उदबत्ती लावली आणि सकाळी फाट्यावर गाडी उभी. लोक चढले. ज्यांना जायचे असते ते चढतात.

कलम १२. वैजू या दस्ताविरुद्ध कोर्टात जाईल. जावे. त्याला तिथे आधी सांगावे लागेल की गाडी खरी त्याची होती, मग हेही सांगावे लागेल की ती प्रतिज्ञापत्रात का नव्हती. आणि समजा तो जिंकला तरी मी त्या खुर्चीत बसून झालेलो असेन. ते कोणत्याही कोर्टाला रद्द करता येणार नाही.

कलम १३. यापूर्वी वैजूला मी तोंडी जे काही कबूल केले असेल ते रद्द. गाडी दुसऱ्याच्या नावे करण्याच्या कागदावर माझी सही कोणी दाखवली तर ती खोटी समजावी. तो गेली काही वर्षे सही मागत आहे आणि मी कधी अमावास्या, कधी हाताला कंप असे सांगत आलो आहे. माझ्या हाताला कंप नाही. खालची सही पाहावी.

कलम १४. शेवटच्या दिवशी गाडीत माझ्याबरोबर बबिता बसेल. मान तीच सांभाळेल, तिला सवय आहे. जंगम स्वामी बसतील. इतर ज्याला यायचे त्याने यावे, पायात चिखल असला तरी यावे. कोणाला अडवू नये.

वैजूलाही अडवू नये. तो माझा सख्खा भाऊ आहे आणि माझ्या खुर्चीच्या पायाशी त्याला जागा ठेवली आहे. सिद्धोधनने त्याच्यासाठी दार उघडे धरावे, घाई करू नये, बटणाला हात लावू नये. फक्त वैजूने पायरीवर पाय ठेवला की बबिताने त्याला एवढे सांगावे की काका, चप्पल काढून या, आत गालिचा हाय.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचले, डोळ्यांच्या त्रासामुळे बबिताकडून पुन्हा वाचून घेतले आणि ऐकताना दोनदा हसलो, एकदा हसलो नाही. मजकूर बरोबर आहे. साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण : पेडगाव, ता. जि. परभणी
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

(सही) मन्मथअप्पा शिवलिंगअप्पा हालगे

साक्षीदार :
१. (सही) डॉ. अथर्व सेलूकर, परभणी
२. (सही) संघप्रिया वाव्हळ, शिक्षिका, पेडगाव. लहानपणी याच गाडीमालकाच्या जीपमधून शाळेला जात होते आणि थोरले चढले की उठत होते.